गोठ्यातली चावरी माशी: पायावर मोजा, गव्हाणीखाली शोधा

संध्याकाळच्या धारेला म्हैस सारखी पाय आपटायची, शेपटीचा फटका बादलीवर बसायचा, पान्हा सोडता सोडता आखडायची. करवीर तालुक्यातल्या आमच्या गोठ्यात हे भाद्रपदात सुरू झालं. मी आधी सडांना भेगा पडल्यात का ते बघितलं, मग कासेत आणि कानात गोचीड शोधले, वैरणही बदलून पाहिली. आत्याबाई म्हणाल्या, "म्हशीला दिष्ट लागलीया, मीठ-मिरच्या ओवाळ जा." तेही केलं. पण दूध-संस्थेच्या पावतीवरचं दूध रोज थोडं थोडं उतरतच होतं.

शेवटी पशुवैद्यक आले. त्यांनी म्हशीच्या पुढच्या पायावर अलगद हात मारून एक माशी पकडली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "वहिनी, ही घरातली माशी नव्हं. हिची सोंड बघा."

त्या दिवसापासून ज्या क्रमाने मी हे काम करते, तो क्रम इथे लिहिते आहे. या क्रमात औषधाची बाटली बरीच शेवटी येते. सुरुवात तिच्यापासून केली तर पैसाही जातो आणि पावसाळाही, हे मी स्वतः करून पाहिलं आहे.

पहिलं काम: माशी हातात घेऊन बघा

पहाटे थंडाव्यात भिंतीवर बसलेली माशी सुस्त असते. तिच्यावर काचेचा ग्लास उपडा ठेवला की सापडते. आकाराने ती घरातल्या माशीएवढीच, ५ ते ७ मिलिमीटर. रंग राखाडी, पाठीवर काळसर रेघा. इथपर्यंत दोघी बहिणी वाटतात. पण हिच्या पोटावर पटावरच्या घरांसारखे काळे ठिपके असतात आणि डोक्याखालून एक काळी, ताठ, टोकदार सोंड पुढे आलेली असते. घरमाशीची सोंड मऊ आणि खाली लोंबती, चाटण्यापुरती. हिची मात्र कातडीत घुसते. डासात फक्त मादी चावते, इथे नर आणि मादी दोघंही रक्त पितात.

हिचं शास्त्रीय नाव स्टोमोक्सिस कॅल्सिट्रन्स. लॅटिनमध्ये कॅल्सिट्रन्स म्हणजे लाथा झाडणारा. नाव ठेवणाऱ्याने असाच एखादा गोठा बघितला असावा असं मला नेहमी वाटतं.

माशी कुठे बसते यावरूनही ती ओळखता येते. चावरी माशी पायांवर आणि पोटाखाली बसते, बहुधा डोकं वर करून. पाठीवर, खांद्यावर थव्याने आणि डोकं खाली करून बसणारी बारीक माशी असेल तर ती हिमॅटोबिया. ती दिवसरात्र जनावराच्या अंगावरच राहते आणि ताज्या शेणाच्या पोवात अंडी घालते. मोठी, दणकट, चावल्यावर रक्ताचा थेंब ओघळवणारी असेल तर ती टॅबॅनस, म्हणजे घोडमाशी. तिच्या अळ्या पाणथळ चिखलात वाढतात. तिघींचे इलाज वेगळे आहेत, म्हणून ओळखण्यात घाई नको.

चावऱ्या माशीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर ठरतं. ती जनावरावर फार थोडा वेळ असते. कुणी हुसकलं नाही तर २ ते ५ मिनिटांत पोट भरते आणि उडून भिंतीवर, कुंपणावर, झाडाच्या सावलीत जाऊन रक्त पचवत बसते. दिवसात असं एकदा, फार तर दोनदा. म्हणजे पायावर दिसणाऱ्या दहा माश्यांच्या मागे कितीतरी पटीने जास्त माश्या आजूबाजूला बसलेल्या असतात. नुसतं जनावराच्या अंगावर फवारून हा प्रश्न का सुटत नाही, ते यातच आलं.

दुसरं काम: मोजा

सकाळी ऊन तापायच्या आत किंवा दुपार कलल्यावर, रोज साधारण एकाच वेळेला, जनावरापासून चार-पाच हात लांब उभं राहा. फार जवळ गेलात तर माश्या उठतात. चारही पायांवरच्या माश्या मोजा. पुढच्या पायांवर जास्त सापडतात. गोठ्यात पाच-सहा जनावरं असतील तर सगळी मोजा. मोठा गोठा असेल तर दावणीच्या दोन्ही टोकांची आणि मधली मिळून पंधरा घ्या. सगळ्यांची बेरीज करून जनावरांच्या संख्येने भागा. एका जनावरामागे सरासरी १० माश्या आल्या की दुधाचा तोटा सुरू झाला असं धरून कामाला लागायचं.

माश्या मोजायला वेळ नसेल तर पाय मोजा. एका मिनिटात म्हैस किती वेळा पाय आपटते ते बघा. मुक्त गोठ्यात, म्हणजे जिथे जनावरं न बांधता मोकळी ठेवतात तिथे, ती एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून, डोकी आत करून उभी राहतात, हौदाच्या चिखलात जाऊन थांबतात, नाहीतर पाय पोटाखाली दुमडून बसतात आणि उठवलं तरी उठत नाहीत. हे सगळं माशीचंच. चावण्याचा त्रास, गेलेलं रक्त आणि नीट न झालेलं खाणं-रवंथ, तिन्हींचा मिळून दुधावर परिणाम होतो.

आकडा कॅलेंडरवर लिहा. आमच्याकडे तो दूध-संस्थेच्या हिशोबाशेजारी लिहिलेला असतो. तीन आठवड्यांनी उपाय लागू पडला की नाही, हे हाच आकडा सांगतो. "माश्या कमी झाल्यासारख्या वाटतात" यावर विसंबू नका.

तिसरं काम: जन्माची जागा शोधा

हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि नेमकं हेच टाळलं जातं.

घरमाशीला ताजं शेण आवडतं. चावऱ्या माशीला कुजणारा पालापाचोळा लागतो, त्यात शेण आणि मूत मिसळलेलं असेल तर फारच उत्तम. आता आपल्या कोल्हापूरच्या गोठ्याकडे बघा. ऊसतोडीच्या हंगामात वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे येतात. गव्हाणीतून ओढताना निम्मं वाढं जनावराच्या पायात पडतं, तुडवलं जातं, त्यावर शेण आणि मूत. वरचं आपण रोज उचलतो, पण गव्हाणीच्या बुडाशी, दगडी फरशीच्या सांध्यात, रबर मॅटच्या खाली जो काळा, आंबूस थर राहतो, तो महिनोन्‌महिने हलत नाही.

खुरपं घ्या आणि तो थर खणा. वर खपली धरलेली असते, खाली दोन बोटं ओल आणि ऊब. पांढुरक्या, एका टोकाला निमुळत्या अळ्या वळवळताना दिसतील. थोड्या कोरड्या कडेला तांबूस-तपकिरी, गव्हाच्या दाण्याहून लहान कोष असतील. आमच्या गोठ्यात पहिल्यांदा मी वासरांच्या कोपऱ्यातली मॅट उचलली तेव्हा खालून कोषांचा ओंजळभर ढीग निघाला. रोज झाडलेला, धुतलेला गोठा होता तो. मला रडू यायचं बाकी होतं.

मादी एका वेळेला शंभराच्या आसपास अंडी घालते आणि आयुष्यात अशा कित्येक खेपा करते. आपल्याकडच्या उबदार, दमट हवेत अंडं एक-दोन दिवसांत फुटतं, अळी आठवडा ते दोन आठवडे खाते, मग कोष होतो. अंड्यापासून उडणाऱ्या माशीपर्यंत साधारण २ ते ३ आठवडे. थंडीत हा काळ लांबतो. म्हणून श्रावण ते दसरा, पाऊस थांबून ऊन पडलं की पंधरवड्यात माशी उसळते.

गव्हाणीनंतर या जागा तपासा: पाण्याच्या हौदाभोवतीची गळती, वासरांच्या अंथरुणाचा भुसा, मूरघासाच्या (आंबवून साठवलेल्या हिरव्या वैरणीच्या) पिशवीतून झिरपणारं पाणी आणि तिच्या तोंडाशी सांडलेला मूरघास, कडब्याच्या गंजीचा जमिनीला टेकलेला कुजका थर, उकिरड्याच्या कडा. उकिरड्याचा मधला भाग तापतो, तिथे अळी तग धरत नाही. ती कडेच्या कोमट, ओल्या पट्ट्यात असते.

उसाचा आणि या माशीचा संबंध फक्त गोठ्यापुरता नाही. ब्राझीलमध्ये ऊस न जाळता तोडायला लागल्यावर शेतात पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, राहू लागलं आणि त्यावर डिस्टिलरीचं सांडपाणी सोडलं जाऊ लागलं. त्या ओल्या, आंबलेल्या पाचटात चावऱ्या माशीची प्रचंड पैदास झाली आणि आजूबाजूच्या गुरांच्या कळपांचे हाल झाले. याचा अर्थ पाचट जाळा असा मुळीच घेऊ नका. सरीत पसरलेलं कोरडं पाचट जमिनीला सोन्यासारखं आहे. पण गोठ्याशेजारी पाचटाचा ढीग मारून त्यावर गोमूत्राची गटार सोडणं, किंवा कारखान्याची प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) आणून महिनाभर गोठ्यामागे उघडी ठेवणं म्हणजे माशीला पाळणा बांधून देणं. गुऱ्हाळाशेजारी गोठा असेल तर मळी आणि ओली चिपाडं कुठे पडतात तेही बघा.

चौथं काम: सात दिवसांचा नेम

अळीला कोष व्हायला आठवडा तरी लागतो. तेव्हा प्रत्येक ओली जागा सात दिवसांतून एकदा तळापर्यंत मोकळी झाली तर पिढी पुरीच होत नाही. आम्ही रविवार धरला आहे. त्या दिवशी मॅट उचलतो, गव्हाणीच्या बुडाचा थर खुरप्याने खरवडून काढतो, सांधे धुतो आणि मॅट उलटी करून उन्हात टाकतो. उरलेली वाढी, कडब्याची बुडखं वेगळ्या पाटीत. फरशीच्या भेगा सिमेंटने बुजवल्या, हा एकदाचा खर्च, पण त्याने अर्ध्याहून जास्त कष्ट वाचले. वाढी कुट्टी करून घातली तर सांडणंही कमी होतं आणि वैरणही वाचते. कुट्टी मशीन घरात असून फक्त दुष्काळात चालवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी ते रोज चालवावं.

काढलेल्या घाणीचं काय? उन्हाळ्यात ती शेतात बोटभर जाडीने पसरा, दोन दिवसांत वाळते, अळ्या मरतात. पावसाळ्यात हे चालत नाही. शिरोळकडे एखादा दिवस ऊन मिळेलही, पण राधानगरी, गगनबावड्याच्या बाजूला आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तिथे ढीग उंच आणि आवळ रचायचा, कडा उभ्या ठेवायच्या, वरून जाड प्लॅस्टिकचा कागद घट्ट झाकून कडेने माती लावायची. आत ढीग तापतो. आठवड्याने कागद काढून कडेचा माल फावड्याने मध्ये ओढायचा, म्हणजे कडेच्या अळ्याही त्या उष्णतेत येतात. हात घालता येणार नाही इतका ढीग आतून तापला तर काम बरोबर चाललं आहे. ज्यांच्याकडे गोबरगॅस आहे त्यांनी शेण रोजच्या रोज टाकीत घालावं, पण बाहेर पडणारी स्लरी पाचटावर साचू देऊ नये.

चुन्याची फक्की साफ केलेल्या, खरवडलेल्या जमिनीवर टाका. घाणीवर चुना मारून ती झाकली की डोळ्याला बरं दिसतं, खाली अळी आपलं काम करतच असते.

सापळे, पंखे आणि धुरी

घरमाशीसाठी मिळणारं दाणेदार, गोड आमिष इथे फारसं उपयोगी नाही. हिला रक्त हवं असतं. हिला ओढतो तो प्रकाश आणि रंग. निळ्या आणि काळ्या कापडाचे सापळे, तसंच ऊन परावर्तित करणाऱ्या पांढुरक्या, अर्धपारदर्शक फायबर पत्र्याकडे ती येते. पत्र्याचा हातभर तुकडा गोल वळवून खुंट्यावर लावा, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळून बाहेरून चिकट पदार्थ फासा. सापळा जमिनीपासून गुडघा ते कमरेच्या उंचीवर, भर उन्हात आणि जनावराची शेपटी पोहोचणार नाही अशा जागी हवा. आढ्याला टांगलेल्या चिकटपट्टीवर घरमाश्याच जास्त मिळतात, कारण चावरी माशी खालच्या थरात उडते. प्लॅस्टिक भरलं की बदला. धुळीने चिकटपणा गेला की सापळा नुसता पत्रा उरतो.

धारेच्या वेळी पंखा जनावराच्या पायाच्या दिशेने लावा. वाऱ्यात तिला बसता येत नाही आणि म्हैस शांत उभी राहते. कडुनिंबाच्या पाल्याची धुरी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिने तासाभराची उसंत मिळते, तेवढ्यापुरती जरूर करा. पण दारं-खिडक्या लावून गोठा धुराने कोंडू नका, वासरांना ठसका लागतो, आणि गंजी जवळ असेल तर धुरीच्या पाटीजवळ माणूस थांबलंच पाहिजे.

औषध: कुठे, किती, कधी नाही

सफाई चालू असूनही मोजणी १० च्या वर राहिली तर औषध. आणि ते जनावरापेक्षा भिंतीला आधी. माशी जिथे रक्त पचवत बसते त्या जागा फवारायच्या: गोठ्याच्या बाहेरच्या उन्हाकडच्या भिंती, खांबांचे खालचे भाग, कुंपण, लगतचं झुडूप. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन या गटातली जनावरांच्या गोठ्यासाठीची औषधं मिळतात. प्रमाण बाटलीवरच्या चिठ्ठीप्रमाणे आणि पशुवैद्यकाला विचारून. जनावरं आणि वासरं बाहेर बांधा, गव्हाण आणि हौद झाका, भिंती सुकल्यावरच जनावरं आत घ्या. एकाच गटाचं औषध सालोसाल मारलं की माशी त्याला दाद देत नाही, म्हणून गट बदलायचा सल्ला घ्या.

जनावराच्या अंगावर फवारायचं तर पाय आणि पोटाखालचा भाग. पाठ भिजवून उपयोग नाही. ओल्या गवतातून फिरलं, ओढ्यात बसलं की पायाचं औषध धुऊन जातं, हे धरूनच चाला. आम्ही १ लिटर पाण्यात कडुनिंब तेल, करंज तेल आणि निलगिरी तेल प्रत्येकी १० मिली आणि अंगाचा साबण २ ग्रॅम घालून, चांगलं घुसळून, फडक्याने पायांना लावतो. परिणाम थोडा वेळच टिकतो, पण धार शांतपणे निघते. लावण्याआधी कास आणि सड वाचवा, आणि धारेआधी हात साबणाने धुवा.

एक कळकळीचं सांगणं आहे. उसावर, भाजीवर मारायचं कीटकनाशक जनावराच्या अंगाला लावू नका. जनावर अंग चाटतं. तोंडाला फेस, लाळ, थरथर, धाप अशी लक्षणं दिसली तर अंग भरपूर पाण्याने धुवा, डॉक्टरांना लगेच बोलवा आणि औषधाची बाटली त्यांना दाखवा. गोचिडासाठी देतात ते आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही या माशीसाठी घेऊ नका. ती क्षणभर येऊन जाते, त्याने गोठ्यातल्या माश्या हटत नाहीत, आणि दूध मात्र वापरता येत नाही. कुठलंही औषध दिलं तरी दूध किती दिवस संस्थेत घालायचं नाही ते आधी विचारून घ्या. आपलं दूध कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध-कट्ट्यावर कुणाचं लेकरू धारोष्ण पीत असेल.

रोग कसा पसरतो

पिणाऱ्या माशीला शेपटीने हुसकलं की ती अर्ध्या पोटी उठते आणि शेजारच्या जनावरावर बसते. सोंडेला लागलेलं ओलं रक्त तिथे जातं. एकच सुई दोन जनावरांना टोचल्यासारखं हे आहे. दावणीला खेटून बांधलेल्या जनावरांत म्हणूनच धोका जास्त.

लंपी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणारा विषाणूचा रोग, आपण सगळ्यांनी सोसली आहे. भारतात ती पहिल्यांदा २०१९ मध्ये ओडिशात दिसली आणि २०२२ मध्ये महाराष्ट्रभर पसरली. अंगावर गाठी, ताप, पायाला सूज, दूध एकदम कमी. गाईंना जास्त, म्हशींना कमी. ती पसरवणाऱ्यांत डास आणि गोचीड आहेत, तशी ही माशीही आहे. लसीकरण वर्षाच्या वर्षी करून घ्याच, माशी कमी केली म्हणून लस चुकवू नका.

दुसरा रोग सर्रा. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खान भागातल्या घोडे-उंटांच्या रक्तात त्याचा परजीवी शोधला. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हे त्याचं नाव. मुख्य वाहक घोडमाशी, पण चावरी माशीही नेते. ताप चढ-उतार होतो, जनावर खंगतं, पाय आणि छातीखाली सूज येते, गाभण जनावर गाभडतं. कधी ते गोल गोल फिरतं, डोकं भिंतीला टेकवून उभं राहतं आणि लगेच दगावतं. तापाची औषधं देऊनही ताप परत परत येत असेल तर रक्ताची काच तपासून घेण्याचा आग्रह धरा, शक्यतो ताप चढलेला असताना. इलाज आहे, पण तो डॉक्टरांच्याच हातचा. घोडी पाळणाऱ्यांनी तर फारच सावध राहावं, घोड्यांत हा रोग जिवावर बेततो.

आजारी जनावर आधी दावणीतून काढून शक्य तेवढं लांब बांधा, त्याच्या पायाशी पंखा किंवा जाळी लावा, आणि मग १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकाला फोन करा. इंजेक्शनची सुई प्रत्येक जनावराला नवी मागा. मागायला लाजू नका. दिवाळी पाडव्याला म्हशी सजवून मिरवायला नेता, तेव्हा ताप किंवा गाठी असलेली म्हैस घरीच ठेवा. सगळ्या गल्लीची जनावरं तिथे एकत्र येतात.

शेजार आणि पूर

ही माशी लांबपर्यंत उडते, तरी त्रास देणारी बहुतेक जवळपासच जन्मलेली असते. आमचा गोठा साफ झाल्यावरही माश्या उरल्या, तेव्हा शेजारच्या काकूंच्या उकिरड्याची कड मी त्यांच्यासोबत खणली. त्यांना अळ्या दाखवल्यावर वेगळं काही सांगावं लागलं नाही. आता आमच्या गल्लीतले चारही गोठे रविवारीच खरवडतात.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर नदीकाठच्या गावांत भिजलेला कडबा, आडवा झालेला ऊस आणि गाळात मिसळलेलं शेण आठवडे पडून होतं. पाणी ओसरलं की घर आवरण्याच्या धावपळीत ते मागे पडतं, पण माशीचं गणित तेव्हापासूनच चालू होतं. पहिल्या आठवड्यात भिजलेली गंजी फोडा. आतला कोरडा भाग वेगळा काढा, बुरशी आलेला मात्र जनावरांना घालू नका. बाकीचा ढीग करून झाका, आणि दहाव्या दिवशी खुरपं घेऊन त्याची कड पुन्हा खणून बघा.